पापी दे म्हटलं आणि पोरगी दाराआड गेली : लहान मुलांना अंगाची सुरक्षितता कशी शिकवायची

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरची बातमी आली तेव्हा आमच्याकडे गणपतीला जेमतेम तीन आठवडे राहिले होते. बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतच अत्याचार झाल्याचं उघड झालं, तक्रार नोंदवून घ्यायला पोलिसांनी तासन्‌तास लावले आणि २० तारखेला लोक थेट रेल्वे रुळावर उतरले. आमच्या वाडीच्या ग्रुपवर दिवसभर एकच, फाशी द्या, चौकात द्या, आणि मधेमधे 'गुड टच बॅड टच'चे कार्टून व्हिडिओ. मी पण एक पुढे ढकलला. रात्री जेवताना आमची धाकटी, तेव्हा साडेचार वर्षांची, भाताचा घास तोंडात धरून विचारते, "पप्पा, बॅड टच म्हणजे मारणं का?" मी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, वाटीत आमटी वाढून घेतली.

माझं कणकवलीकडे बाजारात मेडिकलचं दुकान आहे. शंभर औषधांची नावं तोंडपाठ, आणि स्वतःच्या पोरीला सांगायला एक वाक्य नाही. मग कायदा वाचला, ओळखीच्या मुलांच्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं, अंगणवाडीच्या बाईंना विचारलं. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय. चतुर्थी जवळ आली की घर भरतं आणि तेव्हा हे सगळं आठवायला वेळ नसतो, म्हणून आत्ताच.

हे सेक्स एज्युकेशन नाही

पहिला गैरसमज हाच. चार वर्षांच्या पोराला बाळ कसं होतं ते सांगा असं कोणी म्हणत नाहीये. सांगायचं एवढंच की तुझं अंग तुझं आहे, त्यातले काही भाग खाजगी आहेत, त्या भागांचे दोन-तीन नियम आहेत आणि कोणी नियम मोडला तर येऊन सांग, मी तुला ओरडणार नाही. बास.

आमच्या परड्यात बाव आहे, म्हणजे विहीर. पोर रांगायला लागलं की आपण काय करतो? त्याला सांगतो की तिकडे वाकायचं नाही, आणि कठडा उंच करून वर जाळी टाकतो. नुसतं सांगून कोणी निवांत बसत नाही की आता पोराला कळलंय, पडलं तर त्याची चूक. या विषयात मात्र आपण नेमकं तेच करतो, एक व्हिडिओ दाखवला की आपली ड्युटी संपली. पोराला शिकवणं म्हणजे वाकू नको सांगणं, आणि कठडा बांधायचा तो मोठ्यांनीच. खाली जिथे जिथे "मुलांना शिकवा" लिहिलंय तिथे हे मनात धरून वाचा.

आता अत्याचार म्हणजे नक्की काय. आपल्या डोळ्यापुढे एकच गोष्ट येते, कायदा त्यापेक्षा खूप जास्त धरतो. पोक्सो, म्हणजे मुलांचं लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. १८ वर्षांखालचा प्रत्येकजण त्यात मूल, मुलगा असो की मुलगी. आणि हात न लावताही गुन्हा होतो: घाणेरडा व्हिडिओ दाखवणं, स्वतःचे कपडे काढून दाखवणं, मुलाला काढायला लावणं, वाईट हेतूने तसले फोटो मागणं.

कपड्यावरून हात लावला तर चालतं का? हा प्रश्न वेडगळ वाटेल पण जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने एका १२ वर्षांच्या मुलीच्या केसमध्ये, कातडीला कातडी लागली नाही म्हणून पोक्सोतला लैंगिक हल्ला होत नाही असा निकाल दिला होता. १८ नोव्हेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला आणि स्पष्ट सांगितलं की हेतू महत्त्वाचा, मधे कापड होतं की नव्हतं ते नाही. न्यायाधीशांचा गोंधळ होतो तिथे बालवाडीतल्या पोराने 'बॅड टच' ओळखायचा अशी आपली अपेक्षा, बघा आता.

गुड टच, बॅड टच इथे कुठे अडतं

हे शब्द सुटसुटीत आहेत म्हणून पसरले, पण पोराच्या डोक्याने विचार करून बघा. इंजेक्शन दुखतं, मग तो बॅड टच? केसातला गुंता सोडवताना आई ओढते तो? आणि दुसऱ्या बाजूने, कोणी हळूच गुदगुल्या केल्या, चॉकलेट देऊन केल्या, तर पोराला ते वाईट वाटेलच असं नाही. शरीर आहे, त्याला बरं पण वाटू शकतं, आणि मोठं झाल्यावर हीच गोष्ट माणसाला आतून खाते की मला तेव्हा वाईट कसं नाही वाटलं, म्हणजे माझीच चूक. त्यातून 'बॅड' शब्द असा की पोराला वाटतं बॅड टच बॅड माणूस करतो. भाऊकाका तर किती छान आहेत, मग ते करतात ते बॅड कसं?

म्हणून डॉक्टरांनी मला सांगितलं की पोराला कसं वाटलं ते विचारत बसू नका, नियम द्या. रस्ता क्रॉस करताना आपण "तुला गाडी वाईट वाटते का" विचारत नाही, थांब आणि दोन्हीकडे बघ म्हणतो, तसंच हे. चड्डी-बनियनच्या आत जे असतं ते आणि तोंड, हे खाजगी. कपड्याआतलं कोणी बघायचं नाही, त्याचा फोटो काढायचा नाही, हात तर तोंडालाही लावायचा नाही, आणि कोणी आपलं दाखवलं किंवा त्याला हात लावायला सांगितलं तरी तो नियम मोडलाच. अपवाद दोनच, स्वच्छता आणि औषधपाणी. त्यातही घरातली ठरलेली माणसं, डॉक्टर असतील तर आई किंवा बाबा खोलीत, आणि "कोणाला सांगू नको" हे वाक्य कधीच नाही. स्वच्छता करणारा किंवा औषध लावणारा असं म्हणत नाही, मुलाला लक्षात ठेवायला हीच सगळ्यात सोपी खूण आहे.

बापाने मुलीला आंघोळ घालायची नाही का मग, असं एका मित्राने विचारलं, जरा दुखावूनच विचारलं. घालायची की. मी घालायचो. फक्त साबण लावताना बोलायचं, की आता पाठ, आता शूची जागा, ती तुझी तू धू, मी पाणी घालतो. चार-पाच वर्षांचं पोर ते सहज करतं. आंघोळ हाच खरं तर सगळ्यात चांगला तास, वेगळा वर्ग भरवावा लागत नाही.

नावं, आणि माझ्या काउंटरवरची कुजबुज

दुकानात एक बाई आल्या. आधी बाजूला उभ्या राहिल्या, दोन गिऱ्हाईकं जाऊ दिली, मग हळूच, "तिकडे लावायचं मलम द्या जरा." कोणाला? मुलीला, सहा वर्षांची. कुठे लावायचं? "खाली." मी म्हटलं पायाला का, चिखल्या झाल्यात? पावसाचे दिवस, दिवसाला दहाजण चिखल्यांचं मलम नेतात. तर त्या वैतागल्या, "नाय हो, तिकडे." दोघंही लाल. हळूहळू कळलं की पोरगी तीन दिवस "पोटात दुखतं" म्हणत होती आणि आजी तिला ओवा चावायला देत होती. पोटात काही नव्हतंच, लघवीला जळजळ होती. मी मलम दिलं नाही, डॉक्टरकडे पाठवलं, लघवीचं इन्फेक्शन निघालं, पाच दिवसांच्या औषधाने बरी झाली. यात अत्याचार वगैरे काही नाही. पण तीन दिवस त्या पोरीला दुखत होतं आणि तिच्याकडे त्या जागेचं नावच नव्हतं.

जे नाव आईला डॉक्टरपुढे घेता येत नाही ते पोरगी काही झाल्यावर कोणापुढे घेणार? नाक, कान, कोपर शिकवतो तसंच शूची जागा, शीची जागा, लिंग, योनी, छाती, कुल्ले. लाड म्हणून घरातलं वेगळं नाव असेल तर असू द्या, पण खरं नावही माहीत पाहिजे. आणि ते नाव घेतल्यावर घरात कोणी फिस्सकन हसलं किंवा "शेम शेम" म्हणालं की पोर एका सेकंदात शिकतं, हे बोलायचं नसतं. आमच्या थोरल्याला आम्ही सगळे शेम शेमच म्हणायचो. आता वाटतं, आपणच त्याचं तोंड शिवत होतो.

गुरख्याची भीती आणि घरातला माणूस

आमच्याकडे हापूसच्या बागांत राखणीला नेपाळी कामगार असतात, कुटुंबंच्या कुटुंबं येऊन राहतात, मोहोर यायच्या आधीपासून आंबा उतरेपर्यंत. आणि पिढ्यान्‌पिढ्या पोरांना दम काय, बागेत जाऊ नको, गुरखो धरून नेतलो. परका माणूस, झोळीवाला, गुरखा, सगळी भीती बाहेरची.

आकडे उलट सांगतात. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता, १३ राज्यांतली १२,४४७ मुलं. त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, त्यात मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते, करणारे निम्मे तरी ओळखीचे आणि भरवशाचे, आणि बहुतेक मुलांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. पोक्सोखाली बलात्काराच्या ज्या केसेस नोंदल्या जातात त्यात तर आरोपी मुलाच्या ओळखीचा असण्याचं प्रमाण सरकारच्याच गुन्हे नोंदीत ९० टक्क्यांच्या वर असतं. म्हणजे बिचाऱ्या त्या राखणदाराकडे बोट दाखवत आपण पाठ कोणाकडे करून उभे आहोत?

हे ओळखीचं माणूस एकदम झडप घालत नाही. आधी विश्वास कमवतं, याला ग्रूमिंग म्हणतात. मला ते रापणीसारखं वाटतं. रापण बघितली असेल तर कळेल, होडी लांब अर्धा गोल फिरून जाळं सोडत येते, दोन्ही टोकं किनाऱ्यावर, आणि मग माणसं तासभर हळूहळू दोर ओढत बसतात. आतल्या मासळीला सुरुवातीला काही कळतच नाही, समुद्र तेवढाच मोठा वाटतो. इथे पण तसंच. आधी खाऊ, मोबाइलवर गेम, "आई देत नाही ना, मी देतो". मग इतर पोरांपेक्षा तू माझी लाडकी. मग छोटंसं गुपित, आइस्क्रीम खाल्लेलं आईला सांगू नको, हे खरं तर तपासणं असतं, पोर सांगतं की नाही. मग अंगाशी मस्ती, गुदगुल्या, मांडीवर. आणि जाळ्यात फक्त पोर नसतं हं, घर पण असतं. गॅस आणून देणारा, रात्री-अपरात्री गाडी काढणारा, "आमच्या घरातलाच आहे तो" असं आपणच सगळ्यांना सांगितलेलं असतं. पोराने पुढे काही सांगितलं तर विश्वास कोणावर बसेल ते आधीच ठरून गेलेलं असतं.

याचा अर्थ गॅस आणून देणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघायचं असा नाही, तसं केलं तर कोकणात जगणंच बंद होईल. बघायचं ते वागण्याकडे. कोणी सारखं सारखं एकाच पोराबरोबर एकटं राहायचं निमित्त काढतंय का, पोर नको म्हणतंय तरी थांबत नाही का, आपल्याला न सांगता वस्तू देतंय का. आणि कठडा म्हणजे साध्या गोष्टी. चतुर्थीला माजघरात ओळीने गाद्या घालतो तेव्हा पोरं कुठे आणि कोणाशेजारी झोपणार हे आई-बापाने ठरवायचं, "झोपू दे रे कुठे पण" नाही. भजनाला सगळे पडवीत आणि पोरं माळ्यावर मोबाइल घेऊन, मग उसळ-पाव वाटेपर्यंत कोणी वर डोकावत नाही, तर कोणीतरी डोकवा. दर अर्ध्या तासाने, सहज.

गुपित आणि सरप्राईज

पोरांना यातला फरक कळतो, नीट सांगितला तर. आमच्याकडे थोरला आणि त्याचे चुलत भाऊ गणपतीची आरास करतात तेव्हा खोलीला पडदा लावतात, कोणाला आत सोडत नाहीत. ते सरप्राईज. चतुर्थीच्या सकाळी उघडणार हे ठरलेलं, आणि उघडल्यावर सगळे खूश. गुपिताला मात्र उघडायचा दिवस नसतो, आणि सांगितलंस तर आई मारेल, बाबा तुरुंगात जातील, कुत्र्याला मारून टाकेन असं काहीतरी त्याला चिकटलेलं असतं. आम्ही पोरांना सांगितलंय, आपल्या घरात सरप्राईज चालतात, गुपितं चालत नाहीत, मोठ्या माणसाने ठेवायला सांगितलेलं तर मुळीच नाही. आमच्या आईला हे जड गेलं कारण ती पोरांना शेंगदाण्याचे लाडू चोरून द्यायची. आता उघड देते.

आदर कुठे गेला?

हा खरा भांडणाचा मुद्दा. मागच्या गणपतीत मुंबईहून आलेल्या एका मामांनी धाकटीला म्हटलं, "ये गो, पापी दे." ती दाराआड गेली. त्यांनी परत हाक मारली, पाच रुपयांचं चॉकलेट काढलं, आणि आमची आई आतून ओरडली, "जा गो, मामांका पापी देऊक लाज कसली?" पूर्वीचा मी असतो तर पोरीला हाताला धरून पुढे ढकललं असतं, थोरल्याला ढकललंय तसं. या वेळी म्हटलं, असू दे मामा, तिला नको असेल तर नको, ती नमस्कार करेल. मामा हसले पण चेहरा पडला, आणि आईने रात्रीपर्यंत माझ्याशी अबोला धरला. मग म्हणाली, "आमच्या वेळेक असला काय नव्हता." मी काही बोललो नाही. होतं का नव्हतं ते कोणी विचारलं होतं?

मामा चांगलेच आहेत, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. प्रश्न पोरीचा आहे. पाच वर्षं आपण तिला शिकवतो की मोठ्या माणसाला तुझ्या अंगाशी जवळीक हवी असेल तर तुझ्या नकोला किंमत नाही, आई-बाबा पण त्याच्याच बाजूने, वर चॉकलेट मिळतं. आणि मग एका व्हिडिओत सांगतो की नको वाटलं तर मोठ्याने नाही म्हण. कसं म्हणेल? आदर दाखवायला आपल्याकडे नमस्कार आहे, पाया पडणं आहे, पाणी आणून देणं आहे. पापी त्यात कधीपासून आली?

हेच गुदगुल्यांचं. पोर हसता हसता "बास" म्हणालं की त्या क्षणी थांबायचं, बापाने सुद्धा. दहा वेळा थांबलात की पोराला कळतं की बास म्हटल्यावर माणसं थांबतात, आणि जो थांबत नाही त्याचं काहीतरी चुकतंय.

ओरड, पळ आणि सांग यातलं खरं महत्त्वाचं

व्हिडिओत सगळा जोर पहिल्या दोनवर असतो. प्रत्यक्षात लहान मूल बऱ्याचदा गोठतं. आपण मोठी माणसं पायाशी साप बघून जागीच थिजतो, तर समोर दुप्पट-तिप्पट आकाराचा आणि वर आवडीचा माणूस असेल तर पाच वर्षांचं पोर काय ओरडणार. म्हणून हे पोराला आधीच सांगून ठेवा की नाही म्हणता आलं नाही, पळता आलं नाही, त्याचं दिलेलं चॉकलेट खाल्लं, तरी तुझी चूक नाही, सांग तेवढं. उशीर झाला, खूप दिवस झाले, तरी सांग.

सरावासाठी मी स्कूटरवर 'जर-तर' खेळतो. जर शाळेच्या रिक्षातले काका म्हणाले आईने मला तुला न्यायला सांगितलंय, तर? जर दादाचा मित्र म्हणाला चड्डी काढ, डॉक्टर-डॉक्टर खेळू, तर? मधेच, जर बिबट्या एसटीत चढला तर? असे पण प्रश्न टाकायचे, नाहीतर पोरं कंटाळतात. एकदा बसवून दोन तास भाषण दिल्यापेक्षा महिन्यातून दोन-तीन वेळा पाच मिनिटं हे जास्त टिकतं.

मुलं घाबरतील, खोटं बोलतील वगैरे

"इतक्या लहान वयात निरागसपणा कशाला घालवायचा" हे मला सगळ्यात जास्त जणांनी ऐकवलं. शाळांमधून असे धडे दिल्याने काय होतं याच्या २४ चाचण्या, पाच हजारांवर मुलं, असं सगळं एकत्र करून कोक्रेन या नावाजलेल्या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला होता. मुलांची माहिती आणि स्वतःला जपण्याची कौशल्यं वाढलेली दिसली, भीती किंवा चिंता वाढलेली दिसली नाही. अत्याचार प्रत्यक्षात किती कमी झाले हे मात्र त्यातून ठामपणे सांगता आलेलं नाही, म्हणून परत कठड्याकडेच यावं लागतं.

मुलं खोटं बोलतात हे खरं, होमवर्क झाला म्हणतात, फुलदाणी मांजराने पाडली म्हणतात. पण पाच वर्षांच्या पोराला जे माहीतच नसायला हवं त्याचे बारकावे ते मनाने कुठून आणेल? त्याच्या सांगण्यात तारीख चुकेल, आज एक सांगेल उद्या दुसरं, मधेच "काही नाही झालं" म्हणेल. मुलं असंच सांगतात, तुकड्या-तुकड्यात, आपला चेहरा बघत बघत.

मुलगा आहे, त्याला काय होतंय, याचं उत्तर वर २००७ च्या आकड्यात आलंय. दोन सारख्या वयाची लहान पोरं एकमेकांचं कुतूहलाने बघतात, हसतात, ते बहुतेक वेळा नुसतं कुतूहल असतं, मारझोड करू नका, कपडे घाला आणि नियम आठवण करून द्या. वयात मोठं अंतर असेल, जबरदस्ती असेल, गुपित ठेवायला सांगितलं असेल तर मात्र सिरियस घ्या.

पोराने सांगितलंच तर

इथे आपण पहिल्या दहा सेकंदात नापास होतो. किंचाळतो, रडतो, "तू गेलासच का तिकडे" म्हणतो, किंवा कोयता शोधायला धावतो. पोराला वाटतं, आपण सांगितलं म्हणून हे सगळं झालं, आणि ते मिटून घेतं. चेहरा सांभाळा. "सांगितलंस ते बरं केलंस. माझा विश्वास आहे. तुझी काही चूक नाही." एवढंच पुरतं. उलटतपासणी नको, "त्याने इथेच हात लावला ना?" असे उत्तर आत घातलेले प्रश्न तर नकोच, आत्या-काकू-शेजारीण प्रत्येकीपुढे परत सांगायला लावणं पण नको. त्याचे शब्द जसेच्या तसे कागदावर लिहून ठेवा, तारखेसकट. नुकतंच घडलं असेल तर अंगावरचे कपडे धुऊ नका, पोराला लगेच आंघोळ घालू नका, दवाखान्यात न्या. उपचाराआधी पोलिसांचं पत्र आणा असं डॉक्टरला म्हणता येत नाही, आणि अशा वेळी सरकारी असो की खाजगी, हॉस्पिटलने ताबडतोब मोफत उपचार द्यायचे असतात.

काय करायचं सुचत नसेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन, फुकट, २४ तास. तातडी असेल तर ११२. पोक्सोत पोलिसांनी मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे जाऊन जबाब घ्यायचा असतो, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टर किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने, युनिफॉर्म न घालता. मुलाला रात्री पोलीस स्टेशनात ठेवता येत नाही. कोर्टात आरोपीच्या वकिलाने थेट मुलाला फैलावर घ्यायचं नाही, प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. हे सगळं दरवेळी असंच होतं असं म्हणणार नाही, पण कागदावर हक्क आहे हे माहीत असलं की निदान मागता येतो.

"गावातच मिटवूया, पोरीचं नाव खराब होईल." गावकीत बांधाचं भांडण मिटतं, हे मिटवता येत नाही. असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच पोक्सोखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा, संस्थेचा प्रमुख असेल तर वर्षापर्यंत, फक्त मुलांना यातून सूट. बदलापूरच्या शाळेच्या व्यवस्थापनावरही न कळवल्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला होता. चांगल्या हेतूने कळवलं आणि पुढे काही निघालं नाही तर कळवणाऱ्यावर ठपका येत नाही. आणि नाव खराब व्हायची भीती असेल तर मुलाचं नाव, फोटो, शाळा, वाडी, काहीही उघड करायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे ग्रुपवर "अमक्याच्या मुलीबरोबर झालं म्हणे" लिहिणारा स्वतःच अडकू शकतो. "या नराधमाला पकडा" म्हणून मुलांचे तसले व्हिडिओ पुढे पाठवतात ते तर फारच वाईट, पाठवणं गुन्हा आहेच, पण असं साहित्य जवळ बाळगल्यावर सुद्धा पोक्सो लागू शकतो हे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय.

पोर बोलत नाही पण वागणं बदललंय, हे पण आमच्या काउंटरवर येतं. सुटलेलं अंथरुणात शू करणं परत सुरू, एका ठराविक माणसाकडे जायला अचानक नकार, झोपेत ओरडणं, त्या जागी जखम किंवा जळजळ. यातलं एक दिसलं म्हणजे तसंच झालंय असं नाही, जंत पण असू शकतात, शाळा बदलली असेल. पण दृष्ट काढून गप्प बसू नका, शांतपणे विचारा आणि डॉक्टरला दाखवा.

हाताची पाच बोटं

शेवटची गोष्ट अंगणवाडीच्या बाईंनी शिकवली. पोराचा हात कागदावर ठेवून पेन्सिलने गिरवायचा आणि प्रत्येक बोटावर एक मोठं माणूस लिहायचं, ज्याला पोर काहीही सांगू शकतं. माणसं पोरानेच निवडायची, आपण सुचवायचं नाही, फक्त एक तरी घराबाहेरचं हवं, कारण कधी कधी त्रास घरातूनच असतो. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, दुसऱ्याने नाही तर तिसऱ्याकडे.

आमच्या धाकटीचा हात फ्रिजवर चिकटवलाय. अंगठ्यावर आई. मग आजी, पापीवरून अबोला धरणारी तीच. मग अंगणवाडीच्या बाई, मग शेजारची तायडी. मी करंगळीवर. का गो म्हटलं, शेवटी मी? तर म्हणाली, "तू दुकानात असतोस ना."

आता दुपारी दीड ते चार शटर ओढतो.